वारीत फोटो साठवायला काय घ्यावं? गेल्या वर्षी दहा दिवसांचे फोटो गेले

नीराकाठ

राम कृष्ण हरी मंडळी.

लोणंदला माझं झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोचं छोटं दुकान आहे. गेली नऊ वर्षं आषाढीला आळंदी ते पंढरपूर आमच्या भागातल्या दिंडीबरोबर चालतो, कॅमेरा गळ्यात असतो. फोटो पेपरात द्यायला किंवा स्पर्धेला पाठवायला काढत नाही. दिंडीतल्याच माणसांचे काढतो आणि दिवाळीच्या आत ज्याचा त्याला कागदावर छापून घरी नेऊन देतो. दिंडीत साठीच्या पुढचे खूप. कितीतरी आज्यांचा आधार कार्डावरचा सोडला तर दुसरा फोटोच नसतो. त्या गेल्या की घरचे दुकानात येतात, "तो तुळस डोक्यावर घेतलेला मोठा करून द्या" म्हणतात, आणि तोच भिंतीवर लागतो. असे चौदा फोटो मी आजवर मोठे करून दिलेत.

गेल्या वर्षीपर्यंत माझी पद्धत अशी: दिंडीच्या ट्रकमध्ये भाच्याचा लॅपटॉप आणि १ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क. समाजआरती झाली, जेवणं उरकली की दिवसाचे फोटो डिस्कवर ओतायचे आणि कार्ड रिकामं करून सकाळी परत कॅमेऱ्यात. ६४ जीबीची दोनच कार्डं आहेत. बरडच्या मुक्कामी ट्रकमध्ये गाद्यांच्या ढिगावर डिस्क ठेवून कॉपी चालू होती. कुणीतरी अंधारात वळकटी ओढली, वायरीला हिसका बसला आणि डिस्क ट्रकच्या फाळक्यावर आपटून खाली गेली. उचलली तर आतून टक टक टक आवाज. त्यानंतर ती लॅपटॉपला कधीच दिसली नाही. पुण्यात डेटा काढून देणाऱ्यांकडे दोन ठिकाणी नेली. दोघांनीही सांगितलं की आतली तबकडीच खरवडली गेली आहे.

कार्डात होता तेवढा फलटण ते बरडचा एक दिवस वाचला. दिवेघाट, जेजुरीचा भंडारा, नीरा स्नान, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण, सगळे दहा दिवस गेले.

त्यात एक आजी होत्या. एकाहत्तराव्या वर्षी पहिल्यांदाच वारीला आल्या होत्या. फलटणला पाय सुजले म्हणून मुलगा येऊन घरी घेऊन गेला, त्यामुळे पुढच्या दिवसांत त्यांचा एकही फोटो नाही. कार्तिकात त्या गेल्या. मुलगा दुकानात आला तेव्हा माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. ही गोष्ट अजून मनातून जात नाही.

या वर्षी लॅपटॉप नाही, भाचा कॉलेजला घेऊन गेला. माझ्याकडे टाइप-सीचा अँड्रॉइड फोन आहे. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, रोज साधारण ५०० फोटो होतात, रॉ (कॅमेऱ्याची मूळ कच्ची फाइल) आणि जेपेग (नेहमीचा तयार फोटो) दोन्ही ठेवतो. बजेट नऊ हजार, ओढूनताणून दहा. विचारायचं आहे ते असं: परत हार्ड डिस्क घ्यावी की एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क? लॅपटॉपशिवाय फोनवरून कॉपी खरंच भरवशाची होते का? पावसाचं काय? आणि दिंडीतल्या एका पोराने ऑनलाइन नऊशे रुपयांत २ टीबीचा पेनड्राइव्ह दाखवलाय, तो घेण्यासारखा आहे का?

दुरुस्ती_काउंटर

शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण तिथे परत फोटो जातील. तो नऊशेचा पेनड्राइव्ह अजिबात घेऊ नका. असले माझ्या टेबलावर महिन्याला दोन-तीन येतात. आत १६ किंवा ३२ जीबीची चिप असते आणि कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं, त्यामुळे कॉम्प्युटर २ टीबी दाखवतो. खरी जागा संपली तरी कॉपी चालूच दिसते. फाइलींची नावं, आकार, सगळं यादीत दिसतं. घरी येऊन उघडायला जावं तर आत काही नाही. तुमच्या बाबतीत हे पहिल्या-दुसऱ्या मुक्कामापासूनच सुरू झालं असतं आणि तुम्हाला पंढरपूरहून परत आल्यावर कळलं असतं.

आता हार्ड डिस्क. तुमची का गेली ते सांगतो, म्हणजे काय घ्यायचं ते आपोआप कळेल. आत तबकडी मिनिटाला ५४०० फेऱ्यांनी फिरत असते आणि वाचणारं हेड तिच्यावर काही नॅनोमीटर अंतरावर हवेच्या थरावर तरंगत असतं. बंद असताना हेड बाजूला त्याच्या जागेवर जाऊन बसतं, म्हणून बंद डिस्क पडली तर पुष्कळदा वाचते. कॉपी चालू असताना पडली की हेड तबकडीवर आदळतं. टक टक आवाज म्हणजे हेड जागा शोधतंय आणि सापडत नाही. अशा वेळी दर वेळी परत लावून बघितलं की खरवड वाढत जाते. तुम्ही किती वेळा लावून बघितली माहीत नाही, पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगतो: आवाज आला की वायर काढा आणि परत लावू नका.

एसएसडीत फिरणारं काही नाही, त्यामुळे हा प्रकारच नाही. ट्रक, गर्दी, धक्के म्हटल्यावर तुम्हाला एसएसडीच लागेल. सॅमसंग टी७ शील्डचं वजन ९८ ग्रॅम आहे, रबरी आवरण आहे, आणि धूळ-पाण्यासाठीचा आयपी६५ दर्जा आहे. त्यातला ६ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही, ५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसतो. पाण्यात बुडवणं त्यात येत नाही, नीरा स्नानाला कमरेला बांधून नदीत उतरू नका. क्रुशियल एक्स९ प्रो त्याहून छोटा आहे, ३८ ग्रॅम, आयपी५५. दोन्हीपैकी १ टीबी जो बजेटमध्ये बसेल तो घ्या. पक्क्या बिलाने, ओळखीच्या दुकानातून.

वेगाच्या जाहिरातींकडे लक्ष देऊ नका. सेकंदाला १०००, २००० एमबी लिहिलेलं असतं, पण तुमचं साधं यूएचएस-वन कार्ड सेकंदाला १०४ एमबीच्या वर जाऊच शकत नाही. जास्त वेगाचे पैसे फुकट जातील.

एक गोष्ट मात्र एसएसडीची वाईट आहे. हार्ड डिस्कवरून चुकून पुसलेलं मी बऱ्याचदा काढून देऊ शकतो. एसएसडीवर पुसलेली जागा आतल्या आत साफ केली जाते, मग माझ्या हातात काही राहत नाही. म्हणून तिच्यावर एकच प्रत ठेवून कार्ड रिकामं करणं मला मान्य नाही.

नीराकाठ

माउली, चार वेळा लावून बघितली होती. माहीत असतं तर हात लावला नसता.

जागेचा हिशेब मी करून बघितला. रॉ साधारण २५ एमबी, जेपेग १०. म्हणजे ५०० फोटोंचे रोजचे साडेसतरा जीबी. आळंदी ते पंढरपूर सतरा दिवस धरले तर ३०० जीबीच्या आत बसतं. मग ५०० जीबीची घेऊन उरलेल्या पैशात दुसरं काही घ्यावं का? दोन प्रती म्हणताय तर दुसरी कशावर ठेवू?

पिशवीत_लेन्स

दादा, दुसरी प्रत कार्डांवरच ठेवा. मी नर्मदा परिक्रमेचा एक टप्पा लॅपटॉपशिवाय केला तेव्हा हेच केलं. ६४ जीबीची आणखी चार कार्डं घ्या, चांगल्या कंपनीची. तुमची दोन धरून सहा झाली, म्हणजे ३८४ जीबी. कार्ड भरलं की खोक्यात ठेवायचं, घरी येईपर्यंत रिकामं करायचं नाही. एसएसडीवर एक प्रत, कार्डावर मूळ. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने तीन-दोन-एकचा नियम सांगितलाय: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक वेगळ्या जागी. वाटेवर तीन जमल्या नाहीत तरी दोन प्रती दोन ठिकाणी हव्यातच.

फोनवरून कॉपी होते, अगदी नीट होते. पण सगळं घरी करून बघा, आळंदीला पोचून नाही. मला वाटेत नडलेल्या गोष्टी सांगते.

एसएसडी एक्सफॅट या फाइल मांडणीत फॉरमॅट करा. एनटीएफएसवर बरेच फोन लिहीत नाहीत, आणि जुन्या एफएटी३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, लांब व्हिडिओ तिथेच अडकतात. काही फोनमध्ये ओटीजी (फोनला बाहेरची डिस्क जोडायची सोय) सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं आणि दहा मिनिटं काही हालचाल नसेल तर आपोआप बंद होतं. मला वाटलं होतं डिस्क बिघडली. मग असा छोटा हब घ्या ज्याला कार्ड रीडर आहे, एसएसडी लावायला जागा आहे आणि पॉवर बँकेची वायर लावायला तिसरं तोंड आहे. कार्ड आणि एसएसडी दोन्ही फोनच्या बॅटरीवर चालवले तर फोन लवकर उतरतो आणि मध्येच एखादं तुटतं.

फोनची वायरही बघा. नुसती चार्जिंगची वायर असेल तर यूएसबी २ चा वेग मिळतो, सेकंदाला ३५-४० एमबी. तुमच्या साडेसतरा जीबीला आठ-नऊ मिनिटं लागतील. ते चालण्यासारखं आहे. चांगली वायर असेल तर चारेक मिनिटांत होईल.

आणि कॉपी झाली म्हणजे झाली असं समजू नका. एसएसडीवरचे पहिले, मधले आणि शेवटचे पाच-पाच फोटो उघडून, बोटांनी मोठे करून बघा. फाइलींची संख्या दोन्हीकडे जुळवा. मग फोनमधून 'इजेक्ट' करूनच वायर काढा. मी रोज वहीत लिहीत होते: मुक्काम, किती फोटो, कोणतं कार्ड. फोल्डरलाही मुक्कामाचंच नाव देत होते.

लेहची_वाट

वारीला हा प्रश्न येणार नाही, पण हा धागा पुढे कुणी लडाखसाठी वाचेल म्हणून लिहितो. बहुतेक पोर्टेबल हार्ड डिस्क चालवायची कमाल उंची कंपन्या ३,०४८ मीटर, म्हणजे १०,००० फूट देतात. कारण वरती दुरुस्तीवाल्या दादांनी सांगितलंच आहे, हेड हवेच्या थरावर तरंगतं, आणि वर हवा विरळ. लेह गावच साडेतीन हजार मीटरवर आहे, खारदुंग ला ५,३५९ मीटरवर. मी पर्यटकांची गाडी चालवतो, रात्री हॉटेलात लोक हार्ड डिस्क लावून बसलेले बघतो. कुणाची चालते, कुणाची नाही. तिथे एसएसडीच न्या. आणि इंटरनेटवर चढवू म्हणून येऊ नका, बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही.

तुळशीमागे

मी फोटोग्राफर नाही, बारामतीची शिक्षिका आहे. सोपानकाकांच्या पालखीबरोबर सहा वाऱ्या केल्या. डिस्क कुठली घ्यायची ते तुम्हा लोकांना जास्त कळतं. मी फक्त ती ठेवायची कुठे त्याबद्दल बोलते, कारण गेल्या वर्षी तुमची डिस्क ठेवण्यामुळेच गेली.

कार्डांचं खोकं आणि एसएसडी एका पिशवीत कधीही ठेवू नका. मुक्कामाच्या गर्दीत पिशव्या कापतात, कमरेच्या पाकिटांना हात घालतात. एक प्रत अंगावर ठेवा, आतल्या बाजूला, माझी आजी पैशाचा कसा (कमरेची कापडी पिशवी) बांधायची तसा शिवून घ्या. शिंपी वीस मिनिटांत शिवून देतो. दुसरी प्रत ट्रकमध्ये, पण गाद्यांत नाही. स्वयंपाकाच्या सामानाची जी कुलपाची पेटी असते तिच्यात. ती पेटी दिंडीत सर्वांत जास्त सांभाळली जाते.

पावसाला दोन पिशव्या, एकात एक, चेन असलेल्या. आत सिलिका जेलची पुडी टाका, औषधांच्या आणि बुटांच्या डब्यात मिळते ती. इरल्यात गुंडाळून काही उपयोग नाही, आतून घामाने ओलं होतं. भिजलेल्या हातांनी पिशवी उघडू नका. मी एकदा पुस्तकाचं पान असंच भिजवलंय.

चार्जिंगसाठी तंबूतल्या वायरींवर अवलंबून राहू नका. एका बोर्डाला वीस फोन लटकलेले असतात. मुक्कामाच्या गावात ओळखीचं घर, शाळा, मेडिकल, कुठेतरी पॉवर बँक दुपारी ठेवून रात्री घ्यायची. कुणी नाही म्हणत नाही. वारकऱ्याची वस्तू म्हणून लोक फार जपतात.

दुरुस्ती_काउंटर

पिशवीत_लेन्स ताईंचं म्हणणं मला पटतंय, मी आधी दुसरी एसएसडी सुचवणार होतो. कार्डं स्वस्तात पडतील आणि मूळ प्रत मूळच राहील. फक्त नवीन कार्डंसुद्धा खोटी निघतात. घेतल्याच्या दिवशीच विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ३ चालवून पूर्ण भरून तपासा. ६४ जीबीला वेळ लागतो, लागू द्या. नकली निघालं तर परत करायची मुदत हातात असते.

५०० जीबी की १ टीबी? १ टीबी. व्हिडिओ काढाल तर हिशेब बिघडतो, १०० एमबीपीएसवर ४के व्हिडिओ मिनिटाला ७५० एमबी खातो. एकट्या रिंगणाचा अर्धा तास घेतलात तर २२ जीबी. शिवाय १ टीबी लावल्यावर विंडोज ९३१ जीबी दाखवेल. ती फसवणूक नाही, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने.

घरी आल्यावर मात्र एसएसडी कपाटात टाकून विसरू नका. वीज न मिळता वर्षानुवर्षं पडून राहिली तर तिच्यातला भार हळूहळू उतरतो. वारीपुरती ती, कायमची साठवण दुकानात टेबलावर न हलणाऱ्या हार्ड डिस्कवर. तिथे हार्ड डिस्क अजूनही चांगली आणि स्वस्त. ती दोन घ्या, एक दुकानात, एक घरी.

आणि एक विचारतो, रागावू नका. कागदावर छापून द्यायचे फोटो असतील तर रॉ कशाला? नुसतं जेपेग ठेवलं तर रोजचे ५ जीबी, अख्खी वारी ८५ जीबीत. तुमच्या आहे त्या दोन कार्डांत बसेल.

नीराकाठ

रागावण्यासारखं काही नाही. रॉ ठेवतो कारण वारीत उजेड वाईट असतो. दुपारी बाराचं ऊन आणि डोक्यावर पदर, चेहरा काळा पडतो. पहाटे काकड्याला कंदिलाएवढा उजेड. रॉमधून तो चेहरा वर आणता येतो, जेपेगमधून आणायला गेलं की कातडी मातीसारखी दिसते. भिंतीवर लागणारा फोटो आहे, त्यात माणूस ओळखू आला पाहिजे. त्यामुळे रॉ सोडणार नाही, कार्डं वाढवतो.

ठरवलं ते सांगतो. १ टीबीची एसएसडी, ताईंनी सांगितला तसा तीन तोंडांचा हब आणि दोन कार्डं एवढं या महिन्यात. बजेट थोडं ओलांडलं. उरलेली दोन कार्डं जेठ लागायच्या आत. शिक्षिका ताई, कसा शिवायला टाकलाय, आईने स्वतः खादीचं कापड काढून दिलं. पेटीचं दिंडीच्या चालकांशी बोललो, ते म्हणाले कुलपाची एक किल्ली तुझ्याकडे ठेव.

काल रात्री दुकान बंद करून सराव केला. दिवे घालवले, फक्त फोनचा उजेड, मांडीवर सगळं घेऊन बसलो, ट्रकमध्ये बसतो तसा. पहिल्यांदा फोनला एसएसडी दिसेना. ओटीजी बंद होतं. मग दिसली. ४८६ फोटो, सहा मिनिटं. संख्या जुळली, पंधरा उघडून बघितले. दुसऱ्यांदा केलं तेव्हा मुद्दाम मध्येच हबची वायर ओढली, काय होतं बघायला. तीन फाइली अर्धवट राहिल्या, पण कार्डावर मूळ शाबूत होत्या. परत कॉपी केल्या. गेल्या वर्षी त्याच जागी सगळं संपलं होतं.

आता एक मागणं आहे, ते डिस्कबद्दल नाही.

गेल्या वर्षी लोणंद ते तरडगाव या दिवशी चांदोबाच्या लिंबाजवळ तुमच्यापैकी कुणी फोटो काढले असतील तर कृपा करून परत एकदा बघा. आजींनी हिरवं नऊवारी नेसलं होतं, पदराला पिवळी किनार, डोक्यावर पितळेचं लहान तुळशी वृंदावन आणि हाताला पांढरं बँडेज, आदल्या दिवशी पाटा लागला होता म्हणून. रिंगण झाल्यावर अश्वाच्या टापांखालची माती त्यांनी कपाळाला लावली होती आणि तशाच रस्त्याच्या डाव्या कडेला, कडुनिंबाखाली उभ्या होत्या. गर्दीतला, मागचा, पुसट, कसाही असला तरी चालेल. चेहरा मी काढतो.

पिशवीत_लेन्स

दादा, त्या दिवशी मी तिथेच होते. पालखी बघायला पुण्याहून एका दिवसासाठी आले होते, लिंबाजवळच उभी होते. माझ्याकडे त्या दुपारचे तीनशेवर फोटो आहेत, घरच्या डिस्कवर, 'तरडगाव' नावाच्या फोल्डरमध्ये. आत्ता नाशिकला आहे. रविवारी घरी पोचले की एकेक उघडून बघते.